पानांच्या खाली

फार मागची गोष्ट. डाळिंबाच्या एका बागेत पाठीवर घेऊन फवारायचा म्हातारा पाठपंप भिंतीला टांगलेला असे. फवारणी आता ट्रॅक्टरमागचा नवा ब्लोअर करी.

एकदा कडेचं डाळिंबाचं झाड कळवळून पंपाला म्हणालं, "आजोबा, औषध वरवरच बसतं. किडे तर पानांखाली आहेत."

पंपाने ब्लोअरला विनवलं, "बाबा रे, जरा सावकाश जा. खालून वर फवार."

ब्लोअर हसला. "तुमचा अख्खा दिवस जायचा. मी तासात बाग उरकतो."

स्वतःच जावं असं पंपाला फार वाटलं, पण त्याचा वायसर कधीच सुकून तडकला होता. तो नुसता बघत राहिला. पानं गळत गेली. मग झाडाने हाक मारणंही सोडलं. ब्लोअर मात्र दर आठवड्याला त्या वाळक्या फांद्यांवर फवारा मारून वेळेत परत येई.