भागोजीचं गोडं पाणी

शिरवंडच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. त्याला किती पिढ्या लोटल्या हे कोणाला विचारू नका, सांगणारे प्रत्येक वेळी वेगळं सांगतात. त्या काळी खाडीत मथुरा नावाची लहानशी आगबोट चालायची आणि ती चालवायचा भागोजी. सुकाणू त्याच्याच हातात, भट्टीही त्याच्याच हातात.

भागोजी मूळचा शिरवंडचा नव्हे. मोठ्या बोटींवर कोळसा ओढून हात काळे झाल्यावर बायकोला, देवकीला, घेऊन तो इथे आला आणि धक्क्याजवळ खोपटं बांधून राहिला. पहाटे उठून तो राख ओढायचा, तारेच्या ब्रशाने नळ्यांतली काजळी काढायचा, झारीने सांध्यासांध्यांत तेल सोडायचा आणि मग जाळ करायचा. बॉयलरला कान लावला की आत काय चाललंय ते त्याला कळायचं. निखारा तो नुसत्या हाताने उचलायचा आणि हाताला फोड यायचा नाही, असं म्हणतात.

मथुरेमुळे शिरवंडची चैन झाली. पलीकडच्या बंदरावरचा बाजार जवळ आला, कोर्टकचेरी जवळ आली, इस्पितळ जवळ आलं. लोक बोटीत बसताना भागोजीला दादाबाबा करायचे. उतरल्यावर मात्र तो पुन्हा बाहेरचा.

आता या बोटीची एक खोड होती. तिला गोडं पाणी लागायचं, आणि रोज लागायचं, कारण वाफ धुरांड्यातून निघून जायची ती काही परत यायची नाही. खारं पाणी तापवलं तर मीठ आत लोखंडाला धरतं, त्याचा थर वाढत जातो, लोखंड लाल होतं आणि एक दिवस बॉयलर फुटतो. म्हणून भागोजी गावच्या विहिरीवरून पाणी भरायचा. तिकडे विहिरीला बाव म्हणतात.

एका वर्षी उन्हाळा कडक पडला. बावेचं पाणी खाली गेलं आणि बायकांची कुरकुर सुरू झाली. त्यातली एक म्हणाली, "बोटीक काय डोहाळे लागलेत, गोडा पाणी मागता ती?" सगळ्या हसल्या. गावचा मुख्य रवळू गावकार. त्याने बावेवर फळ्यांचं झाकण बसवलं, साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली. रोज सकाळी गावाला मापून पाणी आणि बोटीला थेंब नाही.

भागोजी त्याच्या अंगणात गेला. गावकार पान खात बसला होता.

"खाडी भरलेली आसा मां," गावकार म्हणाला. "मगे बोटीक बावेचा पाणी कित्याक व्हया?"

"गावकारानू, तुमची मिठागरा आसत. पाणी आटला की खाली काय रवता?"

"मीठ."

"ताच बोटीच्या पोटात रवता. त्या मिठान ती एक दिवस फुटतली."

गावकाराला हे कळलं नाही असं नाही. जन्म मिठात गेलेला माणूस, त्याला काय कळायचं राहिलं होतं? पण भरल्या गावासमोर दिलेला हुकूम फिरवायचा कसा? तो नुसता म्हणाला, "खाडी भरलेली आसा." तेव्हापासून गावाला चाळाच लागला. भागोजी दिसला की म्हणायचं, "खाडी भरलेली आसा मां."

मग देवकी गावामागच्या टेकडीवरच्या, टेंबावरच्या, झऱ्याचं पाणी डोक्यावरून आणू लागली. चढ उभा, दगड तापलेले. त्या पाण्यावर बोट चालली, बोटीतून गाव बाजाराला गेला, आणि वाटेत देवकी दिसली तर एकाने तिच्या डोक्यावरची कळशी धरली नाही. ती उतरताना टेंब वाकून तिला वाट द्यायचा, असं म्हणतात. माणसं वाकली असती तर टेंबाला कशाला वाकावं लागलं असतं?

वैशाखात झराही आटला. भागोजीने भट्टी विझवली आणि तो धक्क्यावर बसून राहिला.

वैशाखी अवसेच्या सकाळी गावकाराची सून शेवंती अडली. मूल आडवं आलं होतं आणि सुईणीने हात टेकले होते. तिला डोलीत घालून धक्क्यावर आणलं, मागून सारा गाव आला. भागोजीने जाळ केला. मग तो गावकारासमोर उभा राहिला.

"बाव उघडा, गावकारानू. टाकयेत पाणी नाय."

गावकाराचा हात करगोट्याकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने मागे वळून गावाकडे पाहिलं. गाव त्याच्याकडे बघत होता.

"आज माझ्या सुनेक उघडली, तर उद्या ह्यो गाव माझ्या तोंडार थुकतलो," तो म्हणाला. "खाडयेचा घे."

उघडा, असं एकानेही म्हटलं नाही. एवढी तोंडं होती तिथे. डोलीत शेवंती कण्हत होती आणि गाव आपल्या पायांकडे बघत होता.

देवकीने नवऱ्याचा हात धरला. "जाव नकात," ती म्हणाली.

"पोटातल्या पोराक बाव कोणाची ता म्हायत नाय," भागोजी म्हणाला. त्याने बादली खाडीत सोडली आणि खारं पाणी ओढायला लागला.

ओहोटी संपून भरतीचं पाणी अंगावर येत होतं. जाळ वाढवावाच लागला. वाटेत टाकी सरली की तो पुन्हा बादली सोडायचा, आणि प्रत्येक बादलीला बॉयलरचा आवाज बदलत गेला, तोही त्याने ऐकला. बंदर आलं. डोली उतरली. तिथल्या धक्क्यावर बाजारची गर्दी होती, पोरंबाळं होती. तेवढ्यात आतून लोखंड कण्हल्यासारखा आवाज आला. भागोजीने कोणाला हाक मारली नाही. दोर सोडला आणि मथुरा एकट्याने खाडीच्या मध्यावर नेली. तिथे ती फुटली.

भागोजी सापडला नाही. शेवंती सुटली, तिला मुलगी झाली.

तो आवाज शिरवंडात पोचला आणि बावेवरचं कुलूप आपोआप उघडून खाली पडलं, असं म्हणतात. गावकार मरेपर्यंत सांगायचा, कुलूप गंजलेलं होतं.

पुढे बॉयलरचा एक पत्रा कोळ्यांच्या जाळ्यात आला. त्याच्या आतल्या अंगाला मिठाचा दगडासारखा थर होता. तो पत्रा शिरवंडच्या धक्क्यावर ठेवला आणि पाऊस धो धो कोसळला तरी ते मीठ विरघळलं नाही. उलट बावेचं पाणी खारट झालं. तेव्हा कुठे गाव घाबरला. देवाला कौल लावला. कौल आला की ज्याचं पाणी अडवलं त्याचं त्याला द्या.

पुढच्या वैशाखी अवसेला घराघरातून कळशी निघाली. कुठून कुठून मागून आणलेलं गोडं पाणी होतं ते. पहिली कळशी गावकाराने पत्र्यावरून खाडीत ओतली. देवकी खोपटाच्या दारात उभी होती. तिने सगळ्यांच्या कळशा रिकाम्या होऊ दिल्या. मग म्हणाली, "खाडी भरलेली आसा मां. आता कित्याक?"

तिने बोचकं काखेत मारलं आणि ती चालती झाली. टेंबापर्यंत ती दिसली, पुढे कोणी पाहिली नाही. त्या रात्रीत बाव गोडी झाली.

शिरवंडात तो दिवस अजून पाळतात. बाव उघडतात, वाजतगाजत कळशा नेतात, "भागोजी, गोडा पाणी घे" म्हणून पत्र्यावरून खाडीत ओततात. मग गावातली सर्वांत म्हातारी बाई पुढे होऊन देवकीचे शब्द म्हणते आणि सगळ्यांनी माना खाली घालायच्या, अशी रीत आहे. हल्ली पोरं हसतात, म्हातारीलाही हसू येतं. नंतर प्रसाद वाटतात.

आणि संध्याकाळी बावेला कुलूप घालतात, कारण उन्हाळा असतो आणि बाहेरचे लोक पाणी मागायला येतात.