हौसाईचं कुरण

कोरटवाडीचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत नांगरलेला आहे. मध्यावर तेवढा खळ्याएवढा गोल तुकडा गवताचा, आणि त्यात शेंदूर लावलेला एक दगड. ही हौसाई. खाली तळं आहे, त्यात गावातली पोरं क्रिकेट खेळतात. आल्यागेल्याला धोंडीअण्णा गुरव या दगडापाशी बसवतात आणि सांगू लागतात.

फार पूर्वी हा सगळा डोंगर कुरण होता म्हणे. गुडघाभर गवत. पाऊस त्यात मुरायचा आणि सावकाश झिरपत तळ्यात उतरायचा. तळ्याच्या जिवावर गावातले आड भरलेले असत. कुरणाला नांगर लावायचा नाही, अशी गावाची आण होती.

ती आण राघोजी पाटलाने मोडली. लागोपाठ चांगले पाऊस झाले, कापसाला गिऱ्हाईक आलं, आणि त्याने डोंगर गावात वाटून दिला. वाटणीत कोणीच नाराज राहिला नाही. त्यामुळे पाटलाची बायको हौसाबाई ‘नको’ म्हणाली, ते कोणी कानावर घेतलं नाही.

पहिली पिकं जोरात आली. मग वळवाच्या पावसाने उघडी पडलेली माती धुऊन तळ्यात नेली. तळं गाळाने भरलं, आड आटले. चैत्रात बायका दोराने आडात उतरून वाटीवाटीने पाणी खरवडू लागल्या. अशीच एकदा हौसाबाईची धाकटी जाऊ कोंडाबाई खाली उतरली आणि आडाची कड ढासळली. वर उभ्या हौसाबाईच्या हातात नुसता दोर राहिला.

राघोजीने भगताला बोलावलं. भगत म्हणाला, तळ्याला रेडा द्या. रेडा दिला. पाणी आलं नाही.

“रेडा देताय, मग कुरण का देत न्हाई?” हौसाबाईने नवऱ्याला विचारलं.

“लोकांनी वावरं केलीत. आता कुणाकुणाला उठवू?”

“आधी आपलं सोडा. मग लोकबी सोडतील.”

सगळ्यात मोठा तुकडा राघोजीचाच होता.

नांगरट सुरू व्हायच्या वेळी हौसाबाई डोंगरावर गेली आणि आपल्याच वावरात बसली. कुरण मोकळं होईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. गाव चरकलं. पण भगताने तोड काढली. म्हणाला, पाटलीणबाईंच्या अंगात देवी आलीय, कोणी हात लावू नका.

“माझ्या अंगात काय आलेलं न्हाई,” ती म्हणाली. “मी शुद्धीवर हाय. माझं ऐका.”

पण देवी म्हटल्यावर ऐकायचं काही उरलं नाही, पुजायचं तेवढं उरलं. बायका रांगेने येऊन ओटी भरून गेल्या. पुरुषांनी लांबूनच दंडवत घातलं. उन्हाने तिचे ओठ फुटले होते, आणि लोक तिच्या पायाशी नारळ फोडत होते. नारळाचं पाणी मातीत जिरत होतं.

शेवटी राघोजी स्वतः औत घेऊन आला. ती बसली होती तिथे त्याने बैल वळवले, तिला वळसा घातला आणि नांगराचं पुढचं तास धरलं. ती ते डोळ्यांनी बघत होती, असं सांगतात. त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही. मावळतीला तिची मान कलली.

त्या वर्षी पाऊस उदंड झाला म्हणे. डोंगरावरून गढूळ होऊन आला तसा वाहून गेला. नांगर लागला नव्हता तेवढ्या गोलात मात्र गवत उगवलं. लोक म्हणाले, बघा, देवीचा चमत्कार!

आजही यात्रेला सगळं गाव इथे पाणी मागायला येतं. टँकरच्या पाण्याने हौसाईला अंघोळ घालतात. नांगरटीच्या दिवसांत वावराचा धनी गोलापाशी आला की ट्रॅक्टर थांबवतो, चप्पल काढून हात जोडतो, आणि मग वळसा घालून पुढे जातो.

हा गोल पूर्वी याहून बराच मोठा होता, असं धोंडीअण्णा म्हणतात.