चौथ्या दगडाची ओळ

"अहो पाव्हणं, त्या तिन्हींवर खुशाल टेका. चौथ्यावर नको!"

पिंपळदऱ्याच्या टेकडीवर दमून आलेल्या माणसाला एलियाबाबा भिंगारदिवे आधी हेच बजावतात. तीन दगड चर्चकडे तोंड करून मांडलेत, चौथा मात्र पाठ फिरवून खाली रस्त्याकडे. असं का, म्हणून विचारलं की बाबा टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात आणि सुरू होतात.

बाबांच्या आज्याच्या वेळची गोष्ट. भिंगारदिव्यांची चार भावंडं होती. सलोमी थोरली, मग दीना, याकोब आणि शेंडेफळ शांतवन. मिशनच्या मडमबाईनं त्यांना या चार दगडांवर एकेकाला उभं करून चार आवाजांत गीत गायला शिकवलं. चाल सलोमीकडे, अगदी खालची, खर्जातल्या सुरांची ओळ शांतवनकडे. गावानं असलं कधी ऐकलंच नव्हतं. पहिल्याच रविवारी मंडळी कुजबुजली म्हणे, "तिघं झ्याक गातात, पण धाकटं साफ बेसूर!" ती ओळ खरी आहे हे त्या चौघांनाच ठाऊक.

मग जर्मनची लढाई लागली आणि शांतवन पलटणीबरोबर बसऱ्याला गेला. सलोमीनं देवापुढं शब्द दिला, तो परत येईतो त्याची ओळ दुसऱ्या कुणाच्या तोंडी जाणार नाही. लढाई संपली, बाकीचे शिपाई आले, हा काही आला नाही. सलोमीचं बूड ठरेना. भाकरी तव्यावर टाकायची आणि टेकडीवर पळायची, परत येईतो भाकरीचा कोळसा. रस्त्यावर धूळ उडाली की उठलीच. दीना वैतागून म्हणायची, "अक्का, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का गं?"

पाच वर्षं तिघंच गायली. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "सलोमीबाई, लंगडं गाणं देवापुढं किती दिवस मांडायचं? यंदा ईस्टरला चौथा माणूस मी आणतो."

"लंगडं असलं तरी आमचं आहे, साहेब," ती म्हणाली. पण साहेब ऐकतात कुठले!

ईस्टरच्या पहाटे मंडळी टेकडीवर जमली. शेजारगावचा एक गवई चौथ्या दगडाशी येऊन खाकरला. आज ही ओळ गेली, तर शांतवनला परत यायला जागाच उरणार नाही, असं तिला वाटलं. ती उठली, गवयाला बाजूला सारून त्या दगडावर चढली आणि सगळ्यांकडे पाठ करून रस्त्याकडे बघत गाऊ लागली. स्वतःची चाल तिनं सोडली. घशात मावत नव्हती तरी शांतवनचीच ओळ, एकटीच. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. बाई बिथरली म्हणाले.

आता ऐका. ओढ्यापल्याडच्या धर्मशाळेत आठ दिवस एक शिपाई पडून होता. गळ्याला छर्रा लागून आवाज गेलेला. घरी कुठल्या तोंडानं जावं, म्हणून आठ दिवस उठायचा नि परत बसायचा. नुसती चाल ऐकू आली असती, तर आपल्यावाचून गाणं चालतंय असं समजून तो निघूनच गेला असता, असं सांगतात. पण ही तर त्याची ओळ! ती कुणी घेतली नव्हती, त्याच्यासाठी धरून ठेवली होती.

कडवं संपता संपता तो टेकडी चढून आला. घशाला हात लावून नकारार्थी मान हलवली. सलोमी दगडावरून उतरली, ढसाढसा रडली, मग त्याचा हात धरून म्हणाली, "कुणी सांगितलंय गायला? उभा राहा नुसता."

तो त्या दगडावर उभा राहिला आणि खालची ओळ तिनंच गायली.

आजही भिंगारदिव्यांच्या चौथ्या पिढीची चार पोरं ईस्टरच्या पहाटे तिथं गातात. पहिल्या कडव्याला चाल नसते, नुसती खालची ओळ, रस्त्याकडे तोंड करून, आणि ती घरातली थोरली मुलगीच गाते. तेव्हापासून रस्त्याकडे फिरवलेला चौथा दगड रिकामा ठेवतात. कुणी मुंबईला हरवलेला, कुणी घरी भांडून गेलेला, चढून येतो आणि त्यावर उभा राहतो. त्याला गाता येतं का, हे पिंपळदऱ्यात कुणी विचारत नाही.