येसू बुरडीण आणि नावांची पेटी

एका राज्यात नावं टिकेनाशी झाली होती. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगावं, कुर्रर्र करावं, घुगऱ्या वाटाव्यात, आणि सकाळी ते नाव कुणालाच आठवू नये. सगळी लहान पोरं आपली नुसती 'ए पोरा' नि 'ए पोरी'.

याचं मूळ राजवाड्यात होतं. राजा भद्रसेनाचा पाच वर्षांचा मुलगा वारला, तेव्हा पिंगळ मांत्रिक म्हणाला, "महाराज, त्याचं नाव माझ्या पेटीत टाका. नाव गेलं की दुःख गेलं." राजानं नाव दिलं आणि स्वतःच ते विसरला. मग हुकूम निघाला, की ज्याचं लेकरू जाईल त्यानं तेराव्या दिवशी नाव पेटीत टाकावं. दर नावागणिक पिंगळ वर्षानं तरुण होई. पण त्या दिवसापासून राज्यात नवी नावं टिकेनात.

येसू बुरडिणीची सगुणा सहा वर्षांची होऊन तापानं गेली. येसूनं नाव दिलं नाही. उलट दर वर्षी लेकीच्या जन्मतिथीला ती एक टोपली विणी, आदल्या वर्षीपेक्षा बोटभर मोठी. का, तर पोरीचे हात वाढतात. शेजारणी म्हणत, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. येसू म्हणे, "झाला तर झाला. तुमच्या का पोटात दुखतंय?"

सहा वर्षांनी राज्यात पहिल्यांदाच शिरगणती निघाली आणि कारकून दारी आला. "लेकरं किती?"

"एक. सगुणा. बारा वर्षांची."

गेलेल्या लेकराचं नाव असं उघड घेतलेलं ऐकून कारकुनाच्या हातून बोरू गळून पडला. येसूला दरबारात उभी केली.

"तीन कामं कर," पिंगळ म्हणाला. "एक जरी चुकलं, तरी नाव माझं."

येसूनं पदर खोचला. "बोल."

पहिलं काम, टोपलीतून नदीचं पाणी आणायचं. येसूनं कामट्या घट्ट विणल्या, आतून राळ फासली आणि टोपली काठोकाठ भरून आणली. "बुरडिणीला टोपल्या शिकवतोस होय रे?"

दुसरं काम, पेटीची किल्ली आणायची. ती डोंगरावरच्या साळुंकीच्या घरट्यात होती. साळुंकी प्रश्न विचारी, आणि उत्तर पटलं नाही तर डोळे फोडी. तिनं विचारलं, "बाई, गेलेलं लेकरू वाढतं का?" येसूनं पाठीवर बांधून आणलेल्या सगुणाच्या सहाही टोपल्या ओळीनं मांडल्या. साळुंकीनं त्या चोचीनं एकेक करून मोजल्या. "वाढतं," ती म्हणाली, आणि किल्ली खाली टाकली.

तिसरं काम, पेटी उघडून तिच्यासमोर नाव घ्यायचं. जो नाव घेई तो पायापासून दगड होई.

येसूनं किल्ली फिरवली. आत नावं अंगणातल्या पोरांसारखा कलकलाट करत होती.

"सगुणा!" तिचे घोटे दगड झाले.

"नाव सोड," पिंगळ ओरडला, "पाय परत देतो!"

"पाय तूच ठेव. सगुणा!" गुडघे गेले. "सगुणा!" कंबर गेली. तेव्हा ती सिंहासनाकडे वळून म्हणाली, "महाराज, बघत काय बसलात? तुमच्या लेकाचं नाव काय?"

राजानं तोंड उघडलं, पण नाव येईना. दुःख कुठेच गेलं नव्हतं. गेली होती ती फक्त हाक मारायची सोय. हे त्याला आज कळलं. तो खाली उतरला, पेटीला कान लावून बसला, आणि त्या कलकलाटातून त्यानं एक नाव ओळखलं.

"महाराज, दगड व्हाल!" पिंगळ किंचाळला.

"होईन," राजा म्हणाला. "शार्दूल!"

मग दाराशी उभा भालदार पुढे आला. दासी आल्या, नगरातले आईबाप आले, आणि ज्यानं त्यानं आपलं नाव शोधून हाक मारली. एका तोंडासाठी रचलेला मंत्र इतक्या तोंडांना पुरेना. येसूच्या अंगावरचा दगड तडकून गळून पडला. पिंगळाची चोरलेली वर्षं क्षणात फिटली आणि आसनावर मूठभर राख उरली. त्या दिवशी राज्यात चारशे बारशी झाली, आणि सगळी नावं टिकली.

सगुणा काही परत आली नाही. गेलेलं माणूस येत नाही, हे येसूला कुणी शिकवायला नको होतं.

पुढल्या वर्षी शिरगणती राजवाड्यापासून सुरू झाली. "लेकरं किती, महाराज?"

"एक. शार्दूल. चौदा वर्षांचा." राजा रडत होता, पण आवाज खणखणीत होता.

तोच कारकून मग येसूच्या दारी आला. ती सातवी टोपली विणत होती. तिनं मानही वर केली नाही.

"दरसाल काय विचारायचं? एक. सगुणा. तेरा वर्षांची. लिहा."

त्यानं लिहिलं.