करंजपठारावर ‘येतो’ म्हणत नाहीत

करंजपठारावरून निरोप घेताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही. सरळ ‘जातो’ म्हणतात. सीझनला आलेले पाहुणे दचकतात. असलं अभद्र कशाला बोलायचं? मग खिंडीत घोडा धरून उभा असलेला म्हातारा ठकू ढेबे त्यांना आपल्या खापरपणजाची, बिरूची गोष्ट सांगतो.

बिरूही घोडेवालाच. जिभेने गोड आणि शब्दाला पक्का, असे सांगतात. तेव्हा पठारावर साहेबांचे बंगले होते, आणि मृगाच्या आधी सगळं गाव दारं लावून खाली उतरायचं. अशाच एका शेवटच्या सकाळी बिरूने एका मडमेला वरच्या कड्यावर सोडलं. तिथून तिला न्यायला मेणा येणार होता. मडम पुस्तकावरून चार शब्द मराठी शिकलेली, आणि पुस्तकात ‘येतो’चा अर्थ येतो असाच दिलेला. बिरू सवयीने म्हणाला, “येतो, बाई.”

“बरं. मी बसते,” ती हसून म्हणाली.

मेणा आला, पण ती उठेना म्हणे. घोडेवाला येतो म्हणालाय, एवढंच तिचं पालुपद. भोई कुणा साहेबाला बोलवायला गेले, तोवर धुकं उतरलं, आणि परत येऊन बघतात तर कड्यावर कुणीच नाही.

चार दिवसांनी हे बिरूच्या कानावर आलं. तो घोडा घेऊन एकटाच वर गेला. कड्यावर चिटपाखरू नव्हतं. “आलो, बाई,” तो म्हणाला, आणि कुणी बसावं तशी घोड्याची पाठ दबली. लगाम धरून बिरू खिंडीपर्यंत आला. तिथे पाठ हलकी झाली. सुटलो एकदाचा, असं वाटून त्याने हात जोडले. पण जित्याची खोड ती! तोंडातून निघून गेलं, “येतो, बाई.”

खिंडीतल्या दगडावरून उत्तर आलं, “बरं. मी बसते.”

बिरू तिथेच मटकन खाली बसला. दुसऱ्यांदा शब्द मोडायची त्याची छाती झाली नाही. भावांनी ओढलं तरी हलेना. अन्न सुटलं, डोळे खोल गेले. शेवटी त्याची बायको भागी आली. नवऱ्याच्या बाबतीत जो शब्द कुठलीही बायको उच्चारणार नाही, तो तिने त्या रिकाम्या दगडासमोर उभं राहून उच्चारला. “बाई, ह्यो जातोय. पुन्यांदा यायचा न्हाई.”

बिरू उठला, घरी आला, पोटभर जेवला. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत गेला. गावाने भागीला बोल लावला, तिने तो जन्मभर सोसला.

आजही एखादा हट्टी पाहुणा मुद्दाम ‘येतो’ म्हणून उतरतो. असे सात-आठ जण झाले आहेत. सीझन सरून गाव ओस पडायला लागलं की ते न चुकता येतात, दिवसभर खिंडीत बसून राहतात, आणि का आलो ते त्यांना सांगता येत नाही. लॉजवाले त्यांच्या खोल्या फोन न येताच राखून ठेवतात. सोडवणारा शब्द घरच्याच माणसाने येऊन बोलायला हवा, असा निरोप ठकू दरवर्षी त्यांच्या घरी धाडतो. अजून कुणाच्याही घरून कोणी आलेलं नाही.