हैबतीची झोप

ऐका मग. पाय आत घे गं, आणि चुळबुळ बंद. एक होता शिपाई. नाव हैबती. नावच तेवढं दांडगं बरं का, माणूस म्हणजे अगदी गरीब गाय. त्याच्या बायकोचं नाव गोजरा. ती मात्र तिखट! नवऱ्यावर जीव होता तिचा, पण तोंडानं कबूल करेल तर शपथ.

तर एकदा काय झालं, नदीच्या अल्याडचा राजा आणि पल्याडचा राजा एका टेकडीवरून भांडले. टेकडी कसली, नुसता खडक! धड गवत उगवत नव्हतं. पण दोघांनाही तीच हवी. बारा वर्षं लढाई चालली. शेवटी अल्याडचा राजा जिंकला आणि हैबती घरी आला. हात धड, पाय धड, खांद्यावर एक वार तेवढा. गोजरानं आळीभर साखर वाटली. पण रात्र झाली आणि हैबती आपला टक्क जागा! दुसरी रात्र, तिसरी रात्र, महिना झाला. डोळ्याला डोळा म्हणून नाही.

राजाच्या कानावर गेलं. राजा तसा वाईट नव्हता, आपल्या शिपायांवर माया होती त्याची. म्हणाला, "हैबतीनं आमच्यासाठी रक्त सांडलं. त्याचा मान झाला पाहिजे." मग त्यानं सोन्याचं कडं पाठवलं. हैबती रात्रभर त्या कड्याकडे बघत बसला. मग राजानं चांदीचा पलंग पाठवला, वर सावरीच्या कापसाची गादी. हैबती त्यावर पडून आढ्याचे वासे मोजत राहिला. मग राजा म्हणाला, "रोज पहाटे हैबतीच्या दारात त्याच्या नावानं तोफ उडवा!" अगं बाई! तोफ धडाडली नि हैबती उडी मारून चुलीमागं जाऊन बसला. लटलट कापत होता बिचारा. हसू नका रे. गोजरा नाही हसली. तिनं त्याला जवळ घेतलं, आणि मग बाहेर जाऊन तोफवाल्याला असा झाडला की तो तोफ तिथंच टाकून पळाला.

मग वैद्य आला. नाडी बघून म्हणाला, "बाई, यांच्या अंगात झोपच नाही. कुठंतरी मागं राहिलीय. पौर्णिमेपर्यंत परत आली नाही, तर हा माणूस हाती लागायचा नाही."

गोजरा हैबतीकडे वळली. "अहो, शेवटचं कधी झोपला होतात?"

"टेकडीवर. शेवटच्या लढाईच्या आदल्या दिवशी."

झालं. गोजरानं पदर खोचला, भाकरी बांधून घेतली आणि निघाली. तीन दिवस चालली, आणि टेकडीवर बघते तर काय! झोपाच झोपा. कोकराएवढ्या, मऊ मऊ. जिथं जिथं माणूस पडला होता, तिथं तिथं एकेक बसलेली. मारणाऱ्याची झोप मेलेल्याच्या उशाशी. हैबतीची झोप गोजरानं लांबूनच ओळखली. त्याच्यासारखीच मान वाकडी करून बसली होती.

"ऊठ गं बये, घरी चल. माझा माणूस चाललाय."

झोप म्हणाली, "मी नाही यायची. इथं पल्याडचा लिंबा पडला, वीस वर्षांचं पोर. हैबतीनंच मारला त्याला. त्याच्या आईला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती वाट बघतेय. तोवर याला एकटं टाकून कशी येऊ?"

गोजरा झोपेशेजारीच बसली. नवऱ्यासाठी रडली, लिंबासाठीही रडली. मग डोळे पुसून घरी आली आणि म्हणाली, "उठा. लिंबाच्या आईकडे जायचंय."

हैबती मागं सरकला. "गोजरे, तोफेच्या तोंडी जाईन. तिथं नको."

"मी आहे ना बरोबर. चला."

मग हैबतीनं कडं काढून ठेवलं. दोघं नावेत बसून पल्याड गेली. पौर्णिमेच्याच दिवशी पोचली. म्हातारी दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. हैबती उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"आई, तुमचा लिंबा यायचा नाही. टेकडीवर माझ्या हातून गेला. पाणी मागितलं त्यानं, ते मी पाजलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. सांगायला फार उशीर केला मी."

म्हातारीनं हंबरडा फोडला. उठली आणि त्याच्या छातीवर धपाधप बुक्क्या मारायला लागली. गोजरा मधे पडणार होती, पण पडली नाही. हैबती हलला नाही. हात दमले तशी म्हातारी त्याच्याच छातीवर डोकं टेकून रडली. मग म्हणाली, "लढाईला गेलास तेव्हा केवढा होतास रे?"

"अठरा वर्षांचा."

"एवढीएवढीशी पोरं! कुणी धाडलं रे तुम्हाला?"

आत गेली. लिंबासाठी रोज एक भाकरी काढून ठेवायची ती, तीच घेऊन आली. लांबून कुणी घरी आलं की आपण दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतो ना, वाटेतलं वाईट बाहेरच राहावं म्हणून? गोजरानंही टाकला होता हो. पण तेव्हा अर्धा हैबती टेकडीवरच होता. म्हातारीनं तुकडा मोडला, हैबतीवरून ओवाळला, लांब भिरकावला. त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं.

"ये आत, लेकरा. संपली लढाई."

आणि हैबतीला उंबऱ्यातच जांभई आली! ही एवढी मोठी. तो म्हातारीच्या घोंगडीवर तीन दिवस झोपला. असा घोरला, असा घोरला की शेजारी बघायला आले. गोजरा म्हणे, "काय मेलं हे घोरणं!" आणि पदरानं डोळे पुसे.

हे कळलं तसे अल्याडपल्याडचे, झोप टेकडीवर राहिलेले सगळेच शिपाई असे दारोदार निघाले. राजानंही तोफ बंद केली. ज्यांना आपण धाडलं आणि जे आलेच नाहीत, त्यांच्या घरी तो स्वतः अनवाणी जायला लागला. वर्ष सरलं, पण दारं सरली नाहीत. मग पुन्हा कधी टेकडीचं नाव काढलं नाही त्यानं.

लिंबाची आई दर दिवाळीला गोजराकडे यायची. मीठ किती घालायचं यावरून दोघी भांडायच्या, आणि हैबती मधे बसून गपचूप जेवायचा. लिंबा? नाही रे राजा, लिंबा नाही परत आला. गोष्टीतसुद्धा तेवढं नाही जमत मला. बाकीचे मात्र सगळे सुखानं राहिले. मिटा आता डोळे.