‘आई गं’चा फुगा

“...पण शत्रूच्या शिपायाच्या तोंडी ‘आई गं’ कसं शोभेल, महाराज?”

श्रीनिवास खांबेट्यांनी चित्रांचं पान पुढे सरकवलं. वय एकाहत्तर. अडतीस वर्षं युद्धाच्या चित्रकथा काढत आलेले, त्याच विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झालेले. बंदुकीचा घोडा असो की गणवेशाचं बटण, त्यांच्या हातून कधी चुकलं नव्हतं.

आता मात्र चुकलं होतं. गोळी लागून कोसळणाऱ्या शत्रूच्या डोक्यावर संवादाचा फुगा असतो. त्यात ते नेहमी ‘आऽऽ’ लिहायचे. यंदा हाताने आपोआप ‘आई गं!’ लिहून टाकलं.

प्रकाशक हसला होता. “सर, शत्रू मराठी कधीपासून बोलायला लागला? उद्या छपाई आहे, तेवढं पुसून द्या. नाहीतर पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला देतो. वय झालं आता तुमचं.”

वय झालं... तेच खांबेट्यांच्या मनाला कुरतडत होतं.

टेकडीवरच्या मठीत केशवगिरी गोसावी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. भगवी वस्त्रं घेण्याआधी ते सतरा वर्षं पलटणीत होते. एक लढाई लढून आले होते.

“यात चूक कुठाय?” ते म्हणाले.

“शत्रू आहे हो तो.”

“शत्रूला आई नसती व्हय?”

“असते. पण चित्रकथेत... नसते.”

केशवगिरी खो खो हसले. खांबेट्यांनाही हसू आलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

“आणि हा आपला गडी? हा पण पडलाय की. हा काय म्हणतोय?”

खांबेट्यांनी जरा आवाज चढवूनच वाचलं, “‘देह पडला तरी चौकी पडणार नाही!’”

“छातीत गोळी घुसल्यावर? एवढं लांबलचक?”

“वाचकांना आवडतं, महाराज.”

“मलाही आवडलं असतं...”

शेंगा फोडणारा हात थांबला.

“मी एकाला पाठीवर टाकून आणला होता. दोन कोस. तो वाटेत बोलत होता.”

खांबेटे पुढे सरकले. “काय म्हणाला?”

“बैलांना पाणी दाखवलं का, म्हणून विचारत होता. दहा पावलं झाली की पुन्हा तेच.”

केशवगिरींनी मांडीवरची शेंगांची टोपली बाजूला ठेवली.

“मग विचारायचा थांबला.”

खांबेट्यांनी पिशवीतून पांढऱ्या रंगाची बाटली काढून ब्रश त्यात बुडवला. तो ‘आई गं’वरून फिरवायचा, एवढंच काम. दोन मिनिटांचं.

अडतीस वर्षांत त्यांनी कितीतरी शिपाई मारले होते. बैलांची चौकशी एकानेही केली नव्हती.

त्यांनी ब्रश फडक्याला पुसला. बाटलीचं झाकण घट्ट लावलं. पुढचं पुस्तक गेलं, हे त्यांना कळत होतं.

मग त्यांनी विचारलं, “तो... आपला होता, की त्यांचा?”

केशवगिरींनी टोपली पुन्हा मांडीवर ओढली.

“मी त्याला म्हटलं, दाखवलं रे बाबा. पोटभर प्यालेत.”